प्रकल्प नोंदी: १२३४५६७८९८७६५४३२१ चे गुणधर्म-पत्रक

६ जानेवारी

काम: १२३४५६७८९८७६५४३२१ या सतरा अंकी संख्येचे गुणधर्म-पत्रक तयार करायचे. मूळ अवयव, विभाजकांची संख्या व बेरीज, फाय (या संख्येपर्यंतच्या, तिच्याशी १ शिवाय सामाईक विभाजक नसलेल्या संख्या किती ते), लॅम्डा (असा सर्वांत लहान घात, की अशा कोणत्याही संख्येचा तो घात घेऊन या संख्येने भागले तर बाकी १ उरते), १ ला या संख्येने भागल्यावर येणाऱ्या आवर्ती दशांशाची लांबी, आणि दोन वर्गांच्या बेरजेच्या मांडण्या. अट एकच: पत्रकातली प्रत्येक ओळ दोन वेगळ्या वाटांनी यायला हवी, आणि त्यातली एक तरी कागदावरची हवी.

खुणा: ड म्हणजे ही संख्या, म म्हणजे १११११११११ (नऊ वेळा १), ^ म्हणजे घात. ड = म^२.

ड हे अक्षर डेमलोवरून घेतले आहे. देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी अशा संख्यांना डेमलो संख्या म्हटले; डेमलो हे डोंबिवली स्टेशनचे जुने नाव. १, १२१, १२३२१, १२३४३२१ या ओळीतली ड ही नववी, आणि अंकांचा चढता-उतरता जिना शाबूत असलेली शेवटची.

शेवटची का, ते उभ्या गुणाकारात दिसते. म ला म ने गुणताना म च्याच नऊ ओळी येतात, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उजवीकडून पहिल्या स्तंभात एक १, दुसऱ्यात दोन, असे नवव्या स्तंभात नऊ. पुढे पुन्हा आठ, सात, उतरत एकपर्यंत. कुठल्याच स्तंभाची बेरीज १० ला पोहोचत नाही, म्हणून हातचा येत नाही. एकूण ८१ एक मांडले आणि हातचा गेला नाही, म्हणजे ड च्या अंकांची बेरीज ८१. वेगळी करायची गरज नाही.

टाइप करताना सगळ्यात जास्त चुका मधल्या ९ पाशी होतात: एक तर तो दोनदा पडतो, नाहीतर गळतो. ताळा असा: डावीकडचे आठ अंक आणि उजवीकडचे नऊ अंक वेगळे काढून बेरीज करा. १२३४५६७८ + ९८७६५४३२१ = ९९९९९९९९९. नऊ नऊ आले नाहीत तर आकडा पुन्हा लिहा. हा योगायोग नाही; ड = ९९९९९९९९९ × १२३४५६७९ आहे, त्यामुळे नऊ-नऊ अंकांच्या तुकड्यांची बेरीज अशीच यायला हवी.

७ जानेवारी

साधनांची चाचणी. स्प्रेडशीटच्या सेलमध्ये ड टाकली. एंटर दाबताच ती १२३४५६७८९८७६५४३०० झाली. जावास्क्रिप्टच्या साध्या नंबरमध्ये ती १२३४५६७८९८७६५४३२० होते. दोन्ही ठिकाणी ना लाल खूण, ना सूचना.

पहिल्याचे कारण १५ सार्थ अंकांची मर्यादा. सोळाव्या अंकापासून शून्ये. दुसऱ्याचे कारण जरा खोलात आहे. ६४ बिटांच्या दशांश-प्रकारात संख्येच्या अंकांसाठी ५३ बिटे मिळतात. २^५३ = ९००७१९९२५४७४०९९२; तिथून २^५४ पर्यंत फक्त सम पूर्णांकांना जागा आहे. ड त्याच पट्ट्यात पडते आणि विषम आहे. शेवट ३२० आणि शेवट ३२२ या दोन शेजाऱ्यांच्या बरोबर मध्ये ती येते. बरोबरी झाली तर ज्याचे शेवटचे बिट ० तो निवडायचा असा नियम, म्हणून ३२०.

हे नुसते दिसण्यापुरते असते तर चालले असते. पण त्याच नंबरचे अवयव काढले की उत्तर येते:

२^४ × ५ × ७ × ११ × ७३ × १०१ × १०९^२ × १३७ × १६७

दिसायला देखणे, आणि पूर्ण चूक. हे ड − १ चे अवयव आहेत. ड − १ = (म − १)(म + १) = ११११११११० × ११११११११२. पहिल्यातून १० काढला की आठ वेळा १ उरतात, म्हणजे ११ × ७३ × १०१ × १३७. दुसऱ्यातून ८ × ७ × १०९^२ × १६७. शेजारच्या संख्येचा अवयवांचा संच इतका नीटनेटका निघतो म्हणूनच शंका येत नाही. त्याच साधनात उलट गुणून पाहिले तरी तोच चुकलेला आकडा परत येतो आणि समाधान होते. हा ताळा नव्हे. खरा ताळा: अंकांची बेरीज ८१ म्हणजे ९ ने भाग जायलाच हवा, आणि वरच्या यादीत ३ एकदाही नाही.

ठरवले: स्प्रेडशीटमध्ये ड फक्त मजकूर म्हणून ठेवायची. जावास्क्रिप्ट लागलीच तर बिगइंट (कितीही लांब पूर्णांक धरणारा तिथला प्रकार). मुख्य काम पायथनमध्ये, कारण तिथे पूर्णांकाला लांबीची मर्यादा नाही.

पायथनमध्येही दोन खड्डे आहेत. एक तिरपी रेघ मारून भागाकार केला की उत्तर दशांश-प्रकारात जाते. दोन रेघांचाच भागाकार वापरायचा. दुसरा वर्गमूळाचा. साध्या वर्गमूळाने 'ही पूर्ण वर्ग आहे का' असे विचारले तर ड साठी हो येते, आणि ड − १ साठीही हो येते! ड − १ चे खरे वर्गमूळ म पेक्षा सुमारे ०.००००००००४५ ने कमी आहे. म च्या आसपास दशांश-प्रकारातल्या दोन शेजारच्या संख्यांत अंतर २^(−२६), म्हणजे सुमारे ०.०००००००१५. फरक त्याच्या निम्म्याहून कमी, त्यामुळे उत्तर थेट म वर जाऊन बसते. पूर्णांकी वर्गमूळाचे वेगळे फलन (३.८ आवृत्तीपासून आहे) वापरून वर्ग परत करून पाहणे हाच उपाय.

९ जानेवारी

मूळ अवयव. ड वर थेट हल्ला करण्यात अर्थ नाही. म चे अवयव काढून प्रत्येक घात दुप्पट करायचा.

म = १११ × १००१००१. हे नऊ एकांचे तीन-तीनचे गठ्ठे पाहूनच दिसते. १११ = ३ × ३७. १००१००१ च्या अंकांची बेरीज ३, म्हणून ३ ने भाग जातो: १००१००१ = ३ × ३३३६६७. म्हणजे

म = ३^२ × ३७ × ३३३६६७
ड = ३^४ × ३७^२ × ३३३६६७^२

आता ३३३६६७ मूळ आहे का? वर्गमूळ ५७७.६, म्हणजे रूढ पद्धतीने ५७७ पर्यंतच्या १०६ मूळ संख्यांनी भागून पाहावे लागेल. पण ही संख्या १०^९ − १ ला भागते, त्याचा फायदा घेता येतो. तिचा कोणताही मूळ अवयव प घेतला तर १० च्या ज्या सर्वांत लहान घाताला प ने भागून बाकी १ उरते (त्याला पुढे '१० चा क्रम' म्हणू), तो ९ चा विभाजक असणार: १, ३ किंवा ९. क्रम १ असेल तर प = ३; क्रम ३ असेल तर प ९९९ ला भागतो, म्हणजे ३७. ३३३६६७ च्या अंकांची बेरीज २८, म्हणून ३ बाद. ३७ ने बाकी १, तोही बाद. उरला क्रम ९. मग ९ हा प − १ ला भागतो, आणि प विषम असल्याने १८ ही भागतो. ५७७ पर्यंत १८ च्या पटीत १ मिळवून येणाऱ्या मूळ संख्या ३७ वगळून सोळाच आहेत. भागून उरलेल्या बाक्या:

१९: ८, ७३: ५७, १०९: १८, १२७: ३८, १६३: ६, १८१: ८४, १९९: १४३, २७१: ६६, ३०७: २६५, ३७९: १४७, ३९७: १८७, ४३३: २५७, ४८७: ७२, ५२३: ५१६, ५४१: ४११, ५७७: १६१.

शून्य कुठेच नाही, म्हणून ३३३६६७ मूळ. १०६ भागाकारांचे काम सतरांत झाले.

याच युक्तिवादातून आणखी एक ओळ पत्रकात गेली: आवर्तन बरोबर ९ अंकांचे असलेली मूळ संख्या ३३३६६७ ही एकटीच. १ भागिले ३३३६६७ = ०.०००००२९९७ ०००००२९९७…

११ जानेवारी

अवयव हातात आल्यावर उरलेल्या ओळी पटापट.

विभाजक: (४+१)(२+१)(२+१) = ४५. वर्गसंख्या असल्यामुळे विषम. बरोबर मधला विभाजक म. एक जोडी मुद्दाम नोंदवण्यासारखी: १२३२१ × १००२००३००२००१ = ड. धाकटी डेमलो थोरलीच्या पोटात आहे.

विभाजकांची बेरीज: १२१ × १४०७ × १११३३४०००५५७ = १८९५४२७९५९२८२७५७९. नऊचा ताळा: अवयवांचे ४, ३, ३, गुणाकार ३६, म्हणजे ०, उत्तराच्या अंकांची बेरीज ९९, म्हणजे ०. जुळते. पण दोन अंकांची अदलाबदल नऊच्या ताळ्याला कळत नाही, म्हणून अकराचाही घेतला: १२१ हा अवयव असल्याने बाकी ० हवी, एकाआड एक अंकांचा फरक −११ आला. बरोबर. बेरीज ड च्या सुमारे १.५३५ पट, म्हणजे ड न्यूनसंख्या (स्वतःला वगळून विभाजकांची बेरीज स्वतःपेक्षा कमी).

फाय: ५४ × १३३२ × (३३३६६७ × ३३३६६६) = ८००७९८३९९१९९२०१६.

लॅम्डा: ५४, १३३२ आणि ३३३६६७ × ३३३६६६ यांचा लसावि. ३३३६६६ = २ × ३^३ × ३७ × १६७, त्यामुळे ५४ पूर्ण सामावतो आणि १३३२ मधला फक्त एक २ जास्त लागतो. लॅम्डा = २२२६६६६६६४४४. फाय याच्या ३५९६४ पट.

हर्षद (स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणारी): आहे. ८१ ने भाग जातो, भागाकार १५२४१५७८९९७१०४१ = १२३४५६७९^२. या भागाकाराच्या अंकांची बेरीज ६४ आणि तो विषम, म्हणून हर्षदपणा पुढच्या पायरीला टिकत नाही.

१४ जानेवारी

१ भागिले ड चे आवर्तन. म्हणजे ड ने भागताना १० चा क्रम काढायचा. पत्रकातली सगळ्यात रसाची ओळ हीच, आणि पहिल्या मसुद्यात चुकलेलीही हीच.

पहिला हिशोब: १०^९ = १ + ९म. याचा क वा घात विस्तारला तर पहिली दोन पदे १ + ९कम, आणि पुढच्या प्रत्येक पदात म^२ आहे. म^२ म्हणजे ड, ती पदे गळाली. बाकी १ हवी तर म ने ९क ला भाग जायला हवा. इथे घाईने क = म लिहिले गेले आणि आवर्तन ९म = ९९९९९९९९९ ठरले.

चूक अशी: म लाच ९ ने भाग जातो. ९क ला म ने भाग जाण्यासाठी क ला म ÷ ९ = १२३४५६७९ ने भाग गेला तरी पुरे. आवर्तन = ९ × १२३४५६७९ = १११११११११. म्हणजे म स्वतःच! १ भागिले ड चे आवर्तन ड च्या वर्गमूळाइतके.

क्रम ९ च्या पटीतच का शोधायचा, हेही लिहून ठेवू: १०^१ − १ पासून १०^८ − १ पर्यंतच्या सगळ्या संख्या म पेक्षा लहान आहेत, त्यामुळे म ने भागताना ९ च्या आधी बाकी १ येतच नाही.

दुसरी वाट, अवयवांवरून: ८१ साठी क्रम ९; ३७^२ साठी ३ × ३७ = १११; ३३३६६७^२ साठी ९ × ३३३६६७ = ३००३००३. लसावि ९ × ३७ × ३३३६६७ = म. जुळले. लॅम्डा ÷ म = २००४, पूर्ण भाग जातो.

१५ जानेवारी

यंत्रावरचा ताळा. क्रम खरोखर म आहे हे दाखवायला १०^म ची बाकी १ यायला हवी, आणि म ला त्याच्या प्रत्येक मूळ अवयवाने एकेकदा भागून आलेल्या घातांची बाकी १ येता कामा नये. ते घात: ३७०३७०३७, ३००३००३, ३३३. 'एक नाही' एवढ्यावर थांबू नये. काय यायला हवे ते कागदावरून आधीच सांगता येते. ३३३ = ९ × ३७, म्हणून बाकी १ + ३३३म = ३६९९९९९९९६४. ३००३००३ साठी १ + ३००३००३म = ३३३६६६९९९६६६३३४. पायथनच्या तीन आकडे घेणाऱ्या घात-फलनाने दोन्ही तंतोतंत यायला हवेत. पहिला घात ९ च्या पटीत नाही, तो तसाच बाद.

हेच सी भाषेत करताना जपून. घात वर्ग करत चढवताना दोन बाक्यांचा गुणाकार १.५ × १०^३२ पर्यंत जातो, आणि ६४ बिटांच्या चिन्हरहित पूर्णांकाची मर्यादा १८४४६७४४०७३७०९५५१६१५ म्हणजे साधारण १.८ × १०^१९. वरचे अंक गुपचूप कापले जातात आणि कसलीतरी बाकी समोर येते. गुणाकार १२८ बिटांत धरायचा, बाकी घेतल्यावर परत ६४ त.

गंमत म्हणजे संथ पद्धतीला हा धोका नाही. दर पावलाला १० ने गुणून बाकी घेत गेलो तर सर्वांत मोठा आकडा १.२ × १०^१७, मर्यादेच्या खूप आत. ११ कोटी ११ लाख ११ हजार १११ पावले, संगणकाला काही सेकंद. ताळ्यासाठी हीच वाट पसंत. चूक होण्याची जागाच कमी.

१८ जानेवारी

आवर्तनाची तिसरी वाट सापडली, आणि ती डोळ्यांनी दिसते. ८१ × ड = ९९९९९९९९९^२. म्हणून १ भागिले ड = ८१ भागिले ९९९९९९९९९^२. दशांश नऊ-नऊ अंकांच्या डब्यांत लिहिले की ८१ चा पाढा उतरतो:

डबे मोजूनच लिहावेत, शून्ये फार आहेत. पहिला डबा ०, दुसरा ८१, तिसरा १६२, चौथा २४३, पाचवा ३२४, प्रत्येक नऊ घरांत उजवीकडे बसवलेला आणि डावीकडे शून्यांनी भरलेला.

पाढा कुठे संपतो? ८१ × १२३४५६७९ = ९९९९९९९९९, डबा काठोकाठ. त्याच्या पुढचा डबा ओसंडतो (१००००००००८०), त्याचा हातचा या काठोकाठ डब्यात येतो, तो शून्य होतो आणि स्वतःचा हातचा डावीकडे देतो. म्हणून आवर्तनातला शेवटचा डबा ९९९९९९९१८ नसून ९९९९९९९१९. तिथून पुन्हा शून्य, ८१, १६२. एकूण डबे १२३४५६७९, प्रत्येकी नऊ अंक: १११११११११ अंक. शेवटच्या तीन अंकांचा ताळा: ९१९ × ३२१ = २९४९९९, शेवट ९९९. आवर्तनाला ड ने गुणले की सगळे नऊच यायचे असतात, त्याच्याशी जुळते.

(दुरुस्ती, १९ जानेवारी: वरच्या पाढ्याच्या ओळीत ओसंडणारा डबा एक शून्य जास्त पडून लिहिला गेला. ८१ × १२३४५६८० = १००००००००८० नव्हे, १०००००००८०. डबे मोजा असे लिहिणाऱ्या नोंदीतच हे झाले. मूळ ओळ खोडलेली नाही.)

२० जानेवारी

दोन वर्गांची बेरीज. ४ ने भागून ३ उरणारे मूळ अवयव ३ आणि ३३३६६७, दोघांचे घात सम, म्हणून मांडणी शक्य. ४ ने भागून १ उरणारा फक्त ३७, घात २. चिन्हे व क्रम धरून ४ × (२+१) = १२ मांडण्या. त्यातल्या चार ०^२ + म^२ च्या. उरलेल्या आठ एकाच जोडीच्या: ३७^२ = १२^२ + ३५^२ ला म ÷ ३७ = ३००३००३ ने मोठे केले की

३६०३६०३६^२ + १०५१०५१०५^२ = १११११११११^२

काटकोन त्रिकोणाच्या तिन्ही बाजू अशा. वर्गात दाखवायला पत्रकातली हीच ओळ आधी काढावी.

२५ जानेवारी

शेजाऱ्यांशी तुलना. दहा वेळा १ चा वर्ग: १२३४५६७९००९८७६५४३२१. मधल्या स्तंभात १० झाले, ० लिहून हातचा १; पुढच्या स्तंभात ९ + १, पुन्हा तेच; त्याच्या पुढे ८ + १ = ९ वर हातचा विरला. म्हणून ७ नंतर ८ गायब. दर हातच्याला अंकांची बेरीज ९ ने घटते: १०० − १८ = ८२. अकरा वेळा १: १२३४५६७९०१२०९८७६५४३२१, चार हातचे, १२१ − ३६ = ८५. जिना कुठे मोडणार हे पायावर ठरते. १६ च्या पायात तो पंधरा एकांपर्यंत टिकतो.

आवर्तनाचा १४ तारखेचा हिशोब न वेळा १ साठी तसाच चालतो. १ भागिले (न वेळा १ चा वर्ग) याचे आवर्तन = न × (न वेळा १) ÷ (न आणि ९ चा मसावि). दहासाठी मसावि १, आवर्तन ११११११११११०. आवर्तन वर्गमूळाइतकेच यायचे तर न हा ९ चा विभाजक हवा: १, ३, ९. एकचे सोडून द्या. म्हणजे खऱ्या अर्थाने १२३२१ आणि ड, दोनच.

१२३२१ चे हाताने पाहिले. तीन-तीनचे डबे: ००० ०८१ १६२ २४३ ३२४ ४०५ ४८६ ५६७ ६४८ ७२९ ८१० ८९१ ९७३… शेवटच्या दाखवलेल्या डब्यात ९७२ च्या जागी ९७३, कारण पुढच्या १०५३ चा हातचा. सदतीस डबे, १११ अंक, शेवटचा डबा ९१९.